चाळिशीचा चष्मा : नंबर, चौकट आणि चेहरा

मनुष्याचे वय चाळिसाच्या घरात आले की जवळची वस्तू पुसट दिसू लागते. या अवस्थेला, आणि तीवर उपाय म्हणून घातल्या जाणाऱ्या चष्म्यालाही, मराठीत ‘चाळिशी’ हेच नाव आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळ पाहताना ते फुगते, दूर पाहताना चपटे होते. वयाबरोबर त्याची लवचिकता कमी होते. हा रोग नव्हे. तो सर्वांच्याच वाट्याला येणारा बदल होय.

ज्यांचा चरितार्थ बारीक कामावर चालतो, त्यांना मात्र या बदलाची झळ लवकर लागते. वाराणसीच्या मदनपुरा, अलईपुरा इत्यादी मोहल्ल्यांत रेशमी वस्त्र विणणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. रेशमाचा तुटलेला धागा वेळीच दिसला नाही, तर कापडात दोष राहतो आणि मजुरी घटते. कारागिराचे हात पूर्वीइतकेच कुशल असतात. उणे पडते ती केवळ नजर. आसामातील चहामळ्यांत ४० वर्षांवरील ७५१ मजुरांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांचे काम चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले, असे त्यात आढळले. चष्मा हे अशा प्रकारे श्रमाचे एक साधनच आहे. म्हणून त्याची निवडही साधनाप्रमाणेच, कामाकडे पाहून, केली पाहिजे.

कामाचे अंतर

भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. तिलाच व्यवहारात ‘नंबर’ म्हणतात. १ मीटरला अंतराने भागले असता त्या अंतरासाठी लागणारी शक्ती मिळते. ज्याला दूरचा नंबर नाही व ज्याच्या डोळ्याची लवचिकता जवळजवळ संपली आहे, अशा मनुष्याला ४० सेंटिमीटरवरील पुस्तक वाचण्यासाठी २.५० चे भिंग लागते. परंतु माग पुढ्यात ६५ सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे १.५० पुरे. वाचनासाठी दिलेला चष्मा लावून असा कारागीर मागावर बसला, तर धागे स्पष्ट दिसण्यासाठी त्याला सतत पुढे वाकावे लागेल आणि मान व पाठ दुखू लागेल. येवल्याचा पैठणी विणणारा असो, शिंपी असो वा सोनार, प्रत्येकाने आपल्या कामाचे अंतर दोरीने मोजून ते तपासणाऱ्यास सांगावे.

भिंगाचा मध्य

नंबर बरोबर असूनही चष्मा त्रासदायक ठरू शकतो. दोन्ही बाहुल्यांमधील अंतर माणसागणिक वेगळे असते. प्रौढांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटर भरते. समजा, ते ६० मिलिमीटर आहे आणि भिंगांचे मध्य मात्र ६६ मिलिमीटरवर बसविले आहेत. मग प्रत्येक डोळा मध्यापासून ३ मिलिमीटर बाजूला पाहतो. ४ नंबरच्या भिंगात एवढ्याने प्रकाशकिरण १ मीटर अंतरावर १.२ सेंटिमीटर सरकतो. दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवून घेण्याचे काम स्नायूंवर पडते. डोके दुखते, डोळे शिणतात. तयार मिळणाऱ्या चष्म्यात हे अंतर ठरीव असते आणि दोन्ही भिंगे सारख्याच नंबराची असतात. दोन्ही डोळे समान असणाऱ्यास तो तात्पुरता चालेल, इतरांस नाही.

चौकटीची पारख

चौकटीच्या काडीवर आतून बहुधा ४४-१८-१४० असे आकडे असतात. पहिला भिंगाची रुंदी, दुसरा नाकावरील अंतर आणि तिसरा काडीची लांबी मिलिमीटरमध्ये दाखवितो. पहिल्या दोहोंची बेरीज बाहुल्यांमधील अंतराच्या जवळपास असावी. तशी चौकट निवडली, तर डोळा भिंगाच्या मध्यावर येतो आणि भिंग लहान पुरते. लहान भिंगात उणे नंबराची कड आणि अधिक नंबराचा मध्य, दोन्ही पातळ राहतात. चष्मा हलका होतो आणि सुबकही दिसतो. सौंदर्य आणि सोय येथे एकाच मापातून साधतात.

चौकट घालून पुढील गोष्टी पाहाव्यात. तिची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीइतकी असावी; कानशिलांवर दाब पडू नये. नाकावरचे गादीवजा तुकडे सर्व बाजूंनी सपाट टेकावेत. नाक बसके असल्यास ते वळवून बसविता येतील अशी धातूची चौकट बरी. काडी कानाच्या मागे लगेच वळावी. पापण्यांचे केस भिंगाला लागू नयेत. शेवटी मान खाली घालून डोके हलवावे. चष्मा घसरता कामा नये. वाराणसीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. घामाने सैल चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि भिंगाचा मध्य डोळ्यापुढून ढळतो.

खर्च कोठे वाचवावा

नामांकित चिन्हासाठी दिलेल्या पैशाने दृष्टी सुधारत नाही. साध्या नंबरास सीआर-३९ जातीचे प्लॅस्टिकचे भिंग पुरेसे असते. त्याचे वजन काचेच्या जवळजवळ निम्मे असते. त्यावर चरे मात्र लवकर पडतात, म्हणून ते कोरड्या धुळीसकट पुसू नये. आधी पाण्याने धुवावे. काटकसर करावयाची ती चौकटीच्या नावात व चकाकीत करावी, तपासणीत व मापात कधीही करू नये. सरकारी रुग्णालयात, तसेच काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयासारख्या ठिकाणी, नेत्रविभाग असतो. तेथील तपासणीचा आणखी एक लाभ आहे. दृष्टी मंदावण्याचे कारण प्रत्येक वेळी चाळिशीच असते असे नाही. ते मोतीबिंदू, काचबिंदू अथवा मधुमेहही असू शकते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही चष्म्याने परत येत नाही.

प्रथम डोळ्यांची तपासणी, मग कामाचे व बाहुल्यांमधील अंतर, त्यानंतर चेहऱ्याला बेतणारी चौकट आणि सर्वांत शेवटी रंग व घडण, हा क्रम पाळला, तर थोड्या पैशांतही उत्तम चष्मा मिळतो. क्रम उलटा झाला, तर महागडा चष्माही पेटीतच पडून राहतो.