केळीच्या खोक्यावरील छपाई : कोणती घ्यावी व कितपत घ्यावी

केळीचा घड जोंवर पानांत गुंडाळून ट्रकांत अथवा रेल्वेच्या वाघिणींत भरला जात होता, तोंवर त्यावर बागायतदाराचें नांव घालण्यास जागाच नव्हती. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून दिल्लीकडे गेलेला माल तेथें भुसावळचा माल म्हणून ओळखला जाई; कोणत्या गांवच्या कोणत्या मळ्यांतील तो, हें खाणारास कळण्याचा मार्ग नव्हता. आजही पुष्कळ माल तसाच सुटा जातो. परंतु निर्यातीचा माल फण्या कापून, धुवून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरला जाऊं लागल्यापासून बागायतदाराच्या हातीं चार भिंती आल्या आहेत, व त्यांवर काय लिहावें आणि तें कसें छापावें हा प्रश्न त्यास प्रथमच पडला आहे.

मध्य अमेरिकेंतील केळीच्या कंपन्यांसही ही संधि याच क्रमानें लाभली. ग्रोस मिशेल ही तेथील जुनी जात. तिचे घड जसेच्या तसे जहाजांत जात. पनामा रोगानें ती मागें पडून कॅव्हेंडिश गटांतील जाती आल्या. त्यांची साल नाजूक, सबब १९५० नंतरच्या दशकांत खोकीं आलीं, आणि १९६३ सालीं चिकिटा या नांवाचें निळें स्टिकर फळावर लागूं लागलें. आपली ग्रँड नैन ही त्याच कॅव्हेंडिश गटांतील होय.

छापखान्यांत गेल्यावर मालक नमुन्यांची थप्पी पुढें टाकतो व बागायतदार त्यांतील सर्वांत रंगीत खोक्यावर बोट ठेवतो. ही निवड उलट्या टोकाकडून झाली. प्रथम खोकीं मोजावीं, मग त्यांचा प्रवास पाहावा, आणि रंगाचा विचार शेवटीं करावा.

मोजणी अशी. पांच बाय पांच फुटांच्या लागवडींत एकरीं १,७४२ खोडें बसतात. समजा, त्यांपैकीं १,४०० घड निर्यातीच्या निवडींत उतरले व प्रत्येकीं १८ किलो माल निघाला, तर २५,२०० किलो झाले. तेरा किलोच्या खोक्यानें भागिलें असतां १,९३८ खोकीं लागतात. चाळीस फुटी शीत-कंटेनरांत अशीं दीड हजारांच्या आसपास खोकीं मावतात. म्हणजे एका एकराचा माल एका कंटेनराहून फारसा अधिक नाहीं. ज्याची मृगबाग दोन एकर व कांदेबाग एक एकर आहे, त्यानें वर्षाचीं सहा हजारांहून अधिक खोकीं धरूं नयेत. हा आंकडा कागदावर लिहून खिशांत ठेवल्यावांचून छापखान्याची पायरी चढूं नये, असें आमचें सांगणें आहे.

खोक्यावर थेट छपाईची सर्वसाधारण रीत फ्लेक्सो ही होय. तींत रबरासारख्या मऊ द्रव्याचा ठसा रुळावर चढवून पाण्यांत कालविलेल्या शाईनें पुठ्ठ्यावर उमटवितात. प्रत्येक रंगास निराळा ठसा लागतो, व ठशाचा खर्च एकदांच येतो. समजा, एका रंगाचे ठसे ६,००० रुपयांस पडले. पांचशें खोक्यांवर तो खर्च वांटिला तर खोक्यामागें १२ रुपये होतात. सहा हजारांवर वांटिला तर एक रुपया. दुसरा रंग घेतला कीं हा हिशेब पुन्हां पहिल्यापासून मांडावा लागतो. म्हणून दोन-तीन हजारांच्या वर खोकीं लागणाराने फ्लेक्सो, तोहि एका रंगाचा, घ्यावा. पांचशेंच्या आंत गरज असणाराने कोरीं खोकीं घेऊन त्यांवर छापील चिठी चिकटवावी. मात्र चिठीचा गोंद ओलाव्यांत टिकणारा आहे कीं नाहीं, हें एक खोकें रात्रभर शीतगृहांत ठेवून पाहावें. मधल्या गरजेस हातानें केलेली स्क्रीन छपाई चालते. ती खोकें घडी करण्यापूर्वीं सपाट पुठ्ठ्यावर करून घ्यावी. ठशावांचून संगणकावरून होणारी डिजिटल छपाई शंभर-दोनशें खोक्यांच्या प्रयोगास सोयीची, परंतु खोकीं वाढलीं तरी तिचा दर खोक्यामागें फारसा उतरत नाहीं.

राहिली ऑफसेटची. तींत कागदावर सुंदर चित्र छापून तो कागद मग पुठ्ठ्यावर डकवितात. दोन-तीन किलोच्या, दुकानांत मांडावयाच्या लहान पेटीस ती शोभते. तेरा किलोच्या खोक्यावर ती घेणें म्हणजे गोठ्यास रंगीत कांचा बसविणें होय. थप्पी रचल्यावर खोक्याच्या सहा बाजूंपैकीं बहुधा एक-दोनच दिसतात. झांकणावरचें चित्र वरच्या खोक्याच्या तळाखालीं जातें. नांव छापावयाचें तें थप्पींत दिसणाऱ्या आखूड व लांब बाजूंवर, इतकेंच पुरे.

आतां ज्या गोष्टीकडे कोणी पाहत नाहीं ती सांगतों. छपाई खोक्यास दुबळें करूं शकते. दोन कागदांमध्यें जो नागमोडी पदर असतो, तोच खोक्याचा कणा. ठसा जोरानें दाबला, अथवा मोठा भाग सबंध रंगानें भरून काढिला, कीं तो पदर चेंगरतो. आठ खोक्यांच्या थप्पींत तळच्या खोक्यावर सात खोक्यांचा भार असतो. भरलेलें खोकें १४ किलोचें धरिलें तर तो ९८ किलो होतो. त्यांत केळीचें शीतगृह १३-१४ अंश सेल्सियसचें व अति दमट. हवेंत नव्वद टक्के ओलावा असला कीं पुठ्ठ्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. तळचें खोकें बसलें कीं आंतील फण्या काळ्या पडतात, आणि त्या काळ्या फण्यांवर नांव मात्र आपलेंच असतें. तेव्हां दुसऱ्या रंगाचे पैसे वांचवून ते कागदाच्या जाडींत घालावे, पांच पदरी पुठ्ठा घ्यावा, वायुछिद्रांच्या व हात घालण्याच्या भोंकांच्या भोंवतीं आणि कोपऱ्यांवर भरीव रंग देऊं नये.

रंगाविषयीं थोडें. केळी पिवळी म्हणून अक्षरेंहि पिवळीं हवींत, असा पुष्कळांचा आग्रह असतो. तपकिरी कागदावर पिवळी शाई हळदीच्या डागासारखी दिसते. गडद निळा, गडद हिरवा अथवा काळा, यांपैकीं एक घ्यावा. पिवळेपणाचा हट्टच असेल तर वरचा पदर पांढऱ्या कागदाचा घ्यावा लागतो, व त्याचा दर निराळा पडतो. बारीक अक्षरें नागमोडी पदरावर भरून जातात, आणि रंगांत कोरलेलीं पांढरीं अक्षरें तर त्याहून लवकर बुजतात. पट्ट्यांची सांकेतिक खूण, म्हणजे बारकोड, छापावयाची असल्यास ती मोठी, काळी व छपाईच्या दिशेनें उभ्या रेषांची घ्यावी. लाल छापल्यास वाचक यंत्रास ती दिसत नाहीं. नमुना पाहावयाचा तो नेहमीं ज्या पुठ्ठ्यावर माल छापला जाणार त्यावरच, पांढऱ्या कागदावर कधींहि नाहीं.

मजकुराची बाब अधिक नाजूक. आमची हयात महसुली दप्तरांत गेली; तेथें शिक्का उठण्यापूर्वीं मजकूर वाचावयाचा असतो, मागून वाचून उपयोग नसतो. वजनमापाचे २०११ सालचे नियम किरकोळ विक्रीच्या पेटीवर भरणाराचें नांव व पत्ता, वस्तूचें नांव, निव्वळ वजन, महिना व साल, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीं पत्ता मागतात. घाऊक खोक्यावर निदान नांव, पत्ता, वस्तु व परिमाण असावेंच. यांपैकीं तारीख, प्रत, मळ्याचा क्रमांक व पॅकहाऊसचा संकेत हें दरवेळीं बदलणारें आहे. तें ठशांत घालूं नये. त्यासाठीं कोरी चौकट ठेवून रबरी शिक्का मारावा, नाहींतर एका तारखेसाठीं दोन हजार खोकीं पडून राहतील. खाद्य पदार्थांच्या वेष्टनावरील शाई भारतीय मानक १५४९५ प्रमाणें असावी, असा २०१८ च्या वेष्टन-विनियमांचा दंडक आहे. छापखान्याकडून तें लेखी घ्यावें. फण्यांमध्यें वर्तमानपत्र घालण्याची जुनी संवयहि त्याचबरोबर सोडावी.

नांव निवडतांना नुसतें ‘सावदा केळी’ असें घेऊं नये. केवळ गांवाचें नांव १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानें सहसा नोंदलें जात नाहीं, कारण तें सर्व गांवाचें आहे. स्वतःचें असें नांव ताज्या फळांच्या ३१ व्या वर्गांत नोंदवावें; नोंदणी दहा वर्षांची असून पुढें वाढविता येते. ‘जळगांव केळी’ हें भौगोलिक मानांकन २०१६ सालीं निसर्गराजा कृषि विज्ञान केंद्राच्या नांवें झालें, व २०२१ सालीं तांदलवाडीच्या बागायतदारांचा २२ मेट्रिक टन मानांकित माल दुबईस गेला. परंतु जिल्ह्यांत राहणाऱ्या प्रत्येकास तें चिन्ह छापण्याची मुभा मिळाली, असें नव्हे. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयांत अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्याचें नांव चढलें आहे त्यानेंच तें वापरावें. खोटा वापर हा गुन्हा आहे. ॲगमार्कचीहि तीच गोष्ट, त्यास प्राधिकारपत्र लागतें. छापखानेवाला ‘घालून देतों, सर्वच घालतात’ असें म्हणेल. खटल्यांत नांव त्याचें येणार नाहीं.

ठसे कोणाचे, हें मागणीपत्रांत लिहून घ्यावें. पैसे आपण दिले तर ठसे आपले, आणि आपल्या लेखी मागणीवांचून त्यांवर एकहि खोकें छापूं नये, अशीं दोन वाक्यें पुरतात. छपाईंत कांहीं खोकीं जादा निघतात व कांहीं बिघडतात. तीं रद्दींत गेलीं कीं आपल्या नांवाच्या भिंतींत कोणाचाहि हलका माल भरला जाऊं शकतो, व दूरच्या बाजारांतील खरेदीदारास त्यांतला भेद कळत नाहीं. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेनें २०२५ च्या हंगामांत फळावर क्रमांकाचें स्टिकर आणलें, तें अशाच नांवचोरीमुळें. आपणांस इतकी यातायात नको असेल तर एक वही पुरे: आरंभींची शिल्लक, आलेलीं खोकीं, भरलेलीं, फाटलेलीं, उरलेलीं, व प्रत्येक ट्रकाच्या दिवशीं सही. फाटलेलीं व बिघडलेलीं खोकीं नांवाच्या बाजूवर सुरी चालवूनच रद्दीवाल्यास द्यावीं. कांदेबागेचीं खोकीं मृगबागेबरोबर एकदमच छापून घेतल्यास ठशाचा खर्च खालीं येतो हें खरें, परंतु तीं पावसाळ्यांत ओल न लागणाऱ्या जागीं, जमिनीपासून वर, फळ्यांवर रचून ठेवण्याची सोय असेल तरच तसें करावें.