शिष्यवृत्तीच्या अर्जात मोबाइल नंबर आपलाच हवा

फीच्या खिडकीवर शिष्यवृत्तीचं नाव काढलं की एकच उत्तर मिळतं: "आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत मिळतील." माझ्या लेकीच्या बी.फार्मसीच्या प्रवेशालाही हेच ऐकलं. आम्ही ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. मी त्या निर्णयाची प्रत आणि लेखी अर्ज पुढे केला, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. मग खिडकीवरचे क्लार्क साहेबांना विचारायला आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, इतर शुल्क तेवढं भरा. कॉलेजच्या ऑफिसात तोंडी बोलण्याला फार किंमत नाही, शिक्क्याच्या कागदाला आहे. मात्र मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, हे प्रवेशाआधीच बघा.

खरा घोळ पुढे झाला. या फीमाफीसाठी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावाच लागतो, तो लेकीने तालुक्याच्या नेट कॅफेत भरून घेतला. तिथल्या मुलाने घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला, युजर आयडी आणि पासवर्डही त्याच्याच वहीत. पोर्टलवर अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट स्कॅन झाला म्हणून कॉलेजने अर्ज 'सेंड बॅक' केला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो मेसेज गेला कॅफेवाल्याकडे. आम्ही मात्र "प्रोसेसमध्ये आहे" या उत्तरावर गप्प राहिलो. कॉलेजातल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली तेव्हा कळलं की अर्ज आमच्याच दारात पडून आहे आणि मुदत उलटून गेली आहे. त्या वर्षी शासनाने मुदतवाढ दिली म्हणून निभावलं. ती दिली नसती तर वर्षाची फी आमच्याच डोक्यावर बसली असती. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते अजून आठवतं.

म्हणून कळकळीने सांगते, कॅफेत बसा, पण नंबर आपला, पासवर्ड आपल्या वहीत. दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कुठे अडकलाय ते स्वतः बघा. 'सेंड बॅक' दिसलं की त्याच दिवशी दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

कागदांचं म्हणाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे मध्येच काढा. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता तर त्याहून आधी, बारावीचं वर्ष सुरू असतानाच मार्गी लावा.

आणि बँक! पासबुकावर आधार नंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केवायसीला दिलेला आधार वेगळा आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी जोडलेला वेगळा. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, मग ते शाळेत असताना उघडलेलं आणि विसरलेलं खातं का असेना. माय आधार पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. मुलीचं नाव आधारवर, दहावीच्या मार्कशीटवर आणि पासबुकावर एकसारखं आहे ना, तेही जुळवून घ्या.

बाकी योजनांमध्ये खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा तिथेही आठ लाख, निम्मं शिक्षण शुल्क मिळतं आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं बाहेरगावी राहत असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो बरेच जण करतच नाहीत. दुसऱ्या वर्षी मात्र सगळ्यांनाच नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, आपोआप काहीच पुढे सरकत नाही.