पीएचडीच्या जागा आणि संख्याशास्त्राची तयारी

आमच्या वडगाव मावळ परिसरातील एम.डी. (आयुर्वेद) झालेले तरुण वैद्य पीएचडीसाठी कोठे प्रयत्न करावा, अशी पृच्छा करतात. ज्या संशोधनास संख्याशास्त्र जाणणारा विद्यार्थी हवा असतो, त्या जागा बहुधा त्या नावाने जाहीर होत नाहीत. विषयाच्या स्वरूपावरून त्या ओळखाव्या लागतात. प्रस्तुत लेखात त्याची रीत पाहू.

मोजमाप आले की संख्याशास्त्र आलेच. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचे शरीरावरील परिणाम मोजण्यास आरंभ केला. म्हणजे ही परंपरा आपल्या तालुक्यातीलच आहे. अलीकडील उदाहरण प्रकृतीविषयीचे. हैदराबाद येथील सीसीएमबी व पुणे विद्यापीठ यांतील संशोधकांचा सहभाग असलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 3416 पुरुषांची तपासणी करून स्पष्ट प्रकृतीचे 262 जण निवडले गेले आणि जनुकसंचातील 52 स्थानी प्रकृतीनुसार फरक आढळला. हा फरक योगायोगाचा नाही, हे पडताळण्यासाठी संगणकावर दहा लाख फेरमांडण्या कराव्या लागल्या. प्रकृतिपरीक्षण आणि ही पडताळणी, दोन्ही समजणारा विद्यार्थी अशा कामास हवा असतो.

शोधाचा आरंभ भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीपासून करावा. 2007 पासूनची ही नोंदणी सर्वांस विनामूल्य पाहता येते. आयुर्वेदाच्या चाचण्या निवडून संस्था, प्रमुख संशोधक व रुग्णसंख्या टिपून घ्यावी. त्यावरून मार्गदर्शक ठरवावा. नंतर त्यांचे विद्यापीठ, उदाहरणार्थ नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, प्रवेशाची सूचना केव्हा काढते यावर लक्ष ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत अंशकालीन पीएचडीची तरतूद आहे. चिकित्सालय चालविणाऱ्यांनी संबंधित विद्यापीठाकडे तिची चौकशी अवश्य करावी.

मुलाखतीपूर्वी एक हिशेब पक्का असावा. एका औषधाने 60 टक्के व दुसऱ्याने 40 टक्के रुग्णांस उपशय मिळतो, असे समजू. हा फरक 5 टक्के सार्थकता पातळी व 80 टक्के सामर्थ्य राखून सिद्ध करण्यास प्रत्येक गटात सुमारे 97 रुग्ण लागतात. तीस-तीस रुग्णांच्या प्रबंधात खरा गुणही निसटू शकतो. औषध निष्फळ नसते, संख्या अपुरी असते. पण वाचणारा दोष औषधालाच देतो.

औषधनिर्मात्यांसही येथे वाव आहे. एकाच चूर्णाच्या निरनिराळ्या घाण्यांतील आर्द्रता व भस्ममान यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी हे औषध-प्रमाणीकरणाच्या प्रबंधास उपयुक्त साहित्य होय.

तयारीसाठी ‘आर’ ही विनामूल्य संगणकप्रणाली पुरेशी आहे. आपल्याच रुग्णनोंदींतील नावे वगळून वय, प्रकृती, व्याधी व उपशय यांचा तक्ता करावा आणि त्यावर सराव करावा. नोंदी प्रबंधात वापरावयाच्या असल्यास मात्र नैतिकता समितीची अनुमती आधी घेणे आवश्यक आहे. युक्तीला प्रमाण मानणाऱ्या आपल्या शास्त्रास ही शिस्त परकी नाही.