स्वस्त वाइन, ताजी बिअर आणि मळेवाल्याची पारख

द्राक्षाचा मळा राखणारा आमचा शेतकरी आपल्या मालाची परीक्षा दोन प्रकारे करतो. घड डोळ्यांनी पाहतो व मणी जिभेवर ठेवतो. परंतु वाइनसाठी द्राक्षे पिकविणाऱ्या पुष्कळ बंधूंनी त्या द्राक्षांपासून होणारी वाइन कधी चाखलेली नसते. उसवाल्याला साखर कळते, भुईमूगवाल्याला तेल कळते; वाइनचा मळेवाला मात्र आपल्या मालाचे पुढे काय होते याविषयी अंधारात राहतो. ज्या व्यवहारात मालाची पारख घेणाऱ्यास आहे आणि देणाऱ्यास नाही, त्यात बुडतो कोण हे सांगावयास नको. सबब बाजारातील स्वस्त वाइन व लहान भट्ट्यांची बिअर यांची पारख कशी करावी, त्यांपैकी आम्हांस कोणती पसंत पडते व का, आणि या पारखीचा मळ्याच्या हिशेबाशी संबंध काय, हे या पाठात सांगण्याचे योजिले आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. जो मद्य घेत नाही त्याने हा पाठ वाचून घेऊ लागावे असा आमचा मुळीच हेतू नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. पारखीस दोन घोट पुरतात आणि तेही चूळ भरून टाकून देता येतात. अर्धी परीक्षा तर नाकानेच होते. तसेच परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

(१) द्राक्षापासून वाइन

द्राक्षाच्या रसातील साखर किण्व म्हणजे यीस्ट खाते व तिचा मद्यार्क होतो. एका लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे १ टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे लिटरमागे २२० ग्रॅम साखर असलेल्या रसापासून सुमारे १३ टक्क्यांची वाइन होते. पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साली वेगळ्या करतात. तांबडीसाठी रस सालींसह आंबवितात. रंग व तुरटपणा हे दोन्ही सालीतून येतात.

यावरून खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांतील भेद कळेल. थॉमसन सीडलेसचा घड आपण जीएच्या द्रावणात बुडवून मणी फुगवितो, कारण ग्राहकास मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा मणी हवा असतो. वाइनचा मणी लहान, बियांचा व जाड सालीचा असतो. त्यात सालीच्या मानाने रस कमी, म्हणून अर्क दाट. येथे वजनाच्या मागे लागून वेलीवर घड वाढविले तर वाइन पाणचट होते. मळ्यातील लोभ बाटलीत उघडा पडतो तो असा.

(२) किंमत कशाची

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. समजा, मळेवाल्यास किलोस ४० रुपये मिळाले, तर बाटलीतील द्राक्षांचे मोल ५० रुपये झाले. बाटली दुप्पट किंवा चौपट किमतीस विकली गेली म्हणून हे ५० रुपये त्या मानाने वाढत नाहीत. वरचा पैसा कशाचा? काच, बूच, जाहिरात, दुकानदाराचा नफा, कर, आणि उंची वाइन असेल तर ओक लाकडाचे पीप. २२५ लिटरच्या एका पिपातून ३०० बाटल्या निघतात. पीप परदेशातून येते आणि काही हंगामांनंतर त्याचा लाकडी वास उतरतो, मग नवे आणावे लागते. म्हणून महाग बाटली वाईट असे नव्हे. पण स्वस्त बाटलीत द्राक्ष कमी प्रतीचे असलेच पाहिजे असेही नव्हे. ज्या वाइनला लाकडाची गरजच नाही तिच्यात खर्च वाचतो व द्राक्षाची खरी चव समोर येते.

स्वस्त मालाकडे आपण लक्ष द्यावे याचे आणखी एक कारण आहे. भारत व ऑस्ट्रेलिया यांचा व्यापारी करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्यात ज्या बाटलीची आयातीची किंमत ५ डॉलरांहून कमी आहे, तिला जकातीची सवलत दिली गेली नाही. सवलत मिळाली ती वरच्या किमतीच्या मालास. अर्थात परदेशी वाइनची स्पर्धा आधी उंची बाजारात येते. रोजच्या जेवणाची परवडणारी बाटली हे आमच्या मळ्यांचे खरे क्षेत्र आहे, व ते चांगल्या मालाने राखले पाहिजे.

(३) वाइनविषयी आमचे मत

परवडणाऱ्या वाइनमध्ये आमची पहिली पसंती नाशिककडील शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनला आहे. हे वाण मूळचे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातले. दक्षिण आफ्रिकेत ते फार पसरले व तेथे त्यास स्टीन म्हणतात. उष्ण हवेतही याचा आंबटपणा बराच टिकतो, हा त्याचा मोठा गुण. नाशिकच्या सुला या कंपनीने २००० साली आपली पहिली वाइन बाजारात आणली तेव्हा शेनिन ब्लां व सॉव्हिन्यों ब्लां हीच वाणे पुढे केली होती. शेनिनला पिकल्या पेरूचा व मधाचा वास येतो आणि किंचित गोडी असली तर तिखट जेवणाशी ती चांगली जुळते. सॉव्हिन्यों ब्लां अधिक धारदार; तिला हिरव्या मिरचीचा व कापलेल्या गवताचा वास असतो. तळलेल्या मासळीबरोबर ती उत्तम, परंतु नुसती घेणाऱ्यास ती आंबट वाटते.

तांबड्यांत स्वस्त शिराझ आम्ही कॅबर्नेच्या आधी ठेवू. शिराझला मिऱ्याचा व जांभळाचा वास असून ती तरुणपणीच पिण्याजोगी होते. कॅबर्ने सॉव्हिन्यों तुरट असते. तिला मुरण्यास काळ द्यावा लागतो, आणि स्वस्त बाटलीला तो काळ कोणी देत नाही. 'पोर्ट' या नावाने मिळणारी गोड तांबडी वाइन गोव्याकडे व इकडेही पुष्कळ खपते. तीविषयी आमचे मत अनुकूल नाही. साखर मालाचे दोष झाकते. गुळचट चहात जसा चहापत्तीचा कस कळत नाही, तसेच हे आहे.

(४) लहान भट्टीची बिअर

बिअर जवापासून होते. जव भिजवून मोड आणतात व भट्टीत वाळवितात. यास माल्ट म्हणतात. माल्टचा गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा व सुगंध येतो. मग किण्व घालून आंबवितात. थोड्या उबेत लवकर आंबलेली ती एल, व थंडीत काही आठवडे राहिलेली ती लागर. ५ टक्क्यांच्या बिअरच्या चारपाच लिटरांस सुमारे १ किलो माल्ट पुरतो.

मोठ्या कारखान्यांच्या पुष्कळ बिअरमध्ये माल्टच्या जोडीस तांदूळ, मका किंवा साखर वापरतात, त्यामुळे ती हलकी व एकसारखी होते. आपल्याकडे 'स्ट्राँग' शब्दाची मोठी भुरळ आहे. पण मद्यार्क वाढला म्हणजे चव वाढते असे नाही. याच्या उलट लहान भट्ट्यांचे आहे. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची लहान भट्टी सुरू झाली. त्यानंतर पुण्यामुंबईस अशा अनेक झाल्या. त्यांच्याकडील जर्मन धर्तीची गव्हाची बिअर आम्हांस सर्वांत पसंत आहे. तीत निम्म्याहून अधिक गव्हाचा माल्ट असतो, ती गढूळ दिसते, आणि तिला केळ्याचा व लवंगेचा वास येतो. केळे व लवंग मात्र तीत घातलेली नसतात. तो सुगंध केवळ किण्वाची करणी आहे. ही बिअर ताजीच घ्यावी. दुधाप्रमाणेच शिळेपणाने तिची लज्जत जाते. फार कडू हॉप्सच्या बिअरची हल्ली आवड वाढली आहे; आमच्या मते कडवटपणामागे माल्टची गोडी नसेल तर तो नुसता काढा होतो.

मात्र बिअर आवडली म्हणून तिचे पीक घेण्याची घाई करू नये. जव हे मुख्यत्वे राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या प्रांतांचे रब्बी पीक आहे. हॉप्सच्या वेलीस उन्हाळ्याचे फार लांब दिवस लागतात. भारतात ती हिमाचलातील लाहौल खोऱ्यासारख्या थंड ठिकाणी होते, दख्खनच्या पठारावर तिचा नाद करू नये.

(५) पारखीची रीत

दोनतीन जणांनी मिळून एकाच वाणाच्या दोन स्वस्त व एक महाग बाटली आणावी. बाटल्यांवर फडके गुंडाळून आकडे टाकावेत, म्हणजे नावाची भीड पडणार नाही. पांढरी वाइन ८ ते १० अंश व तांबडी १६ ते १८ अंश सेल्सिअस असावी. 'तांबडी खोलीच्या उष्णतेवर घ्यावी' हा नियम युरोपातील थंड घरांचा आहे. आमच्या चैत्रातील घरात तिला ओले फडके गुंडाळून माठाजवळ ठेवणे इष्ट.

प्रथम रंग पाहावा. कोवळी पांढरी वाइन तपकिरी दिसली तर तिला हवा लागली आहे. नंतर पेला फिरवून वास घ्यावा. सिरक्याचा वास आला तर आंबवण बिघडली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बूच सडके. बिअरला लोण्याचा वास आला तर ती भट्टीत पुरती तयार झालेली नाही. शेवटी घोट तोंडात घोळवून तीन प्रश्न विचारावेत. आंबटपणा व गोडी यांचा तोल आहे काय? घोट टाकल्यावर चव किती वेळ राहते? आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो काय? प्रत्येकाने आपले मत आधी लिहून ठेवावे व मग बोलावे. फडकी काढल्यावर पुष्कळदा महाग बाटली खाली गेलेली आढळेल.

(६) पारख व करार

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनला करात सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगासाठी जागा राखल्या. पाहता पाहता लागवड वाढली. पुढे २००८ च्या जागतिक मंदीने व मुंबईवरील हल्ल्याने हॉटेलांतील खप बसला, टाक्यांत वाइन साठून राहिली, आणि अनेकांनी मळे उपटले.

त्यांत आमचाही दीड एकर शिराझ होता. करार तोंडी होता. महसूल दप्तरात ज्याचा जन्म गेला त्याला कागदाचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे लागू नये. पण घरच्या व्यवहारात आम्हीच ते विसरलो. २०१० च्या हंगामात घेणाऱ्याने तोडणी आठवड्यामागून आठवडा लांबविली. २४ ब्रिक्सची गोडी २८ वर गेली, मणी सुरकुतले, आणि अखेर 'माल अतिपक्व' म्हणून नाकारला गेला. बियांचे बारीक द्राक्ष ना खाण्याच्या बाजारात चालले, ना बेदाण्यास. त्याच वर्षी आम्ही वेली उपटून कांदा लावला.

आमचा राग पुष्कळ दिवस टिकला. पुढे अतिपक्व द्राक्षाची एक शिराझ चाखण्याचा योग आला. ती मुरंब्यासारखी जड, आंबटपणा गेलेली, घशाशी जळजळ करणारी होती. तेव्हा कळले की माल नाकारण्याचे कारण खोटे नव्हते. खोट होती ती उशिरात, आणि उशिराचा दोष कोणाचा हे दाखविण्यास आमच्यापाशी कागद नव्हता. ही चव आम्हांस आधी ठाऊक असती तर २४ ब्रिक्सला आम्हीच तोडणीचा हट्ट धरला असता व तो लेखी घेतला असता.

म्हणून वाइनची द्राक्षे लावणाऱ्याने करारात निदान पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: तोडणीसाठी गोडीची खालची व वरची मर्यादा, ती मर्यादा गाठल्यावर किती दिवसांत तोड होईल, गोडी कोण व कोणासमक्ष मोजील, माल नाकारल्यास त्याचे लेखी कारण, आणि पैसे देण्याची तारीख. गोडी मोजण्याचे लहान यंत्र प्रत्येक मळ्यात असलेच पाहिजे. कराराची मुदतही वेलीच्या आयुष्याकडे पाहून ठरवावी. वेल वर्षानुवर्षे उभी राहते, कागद एका हंगामाचा असतो.

एकट्याने हे साधत नसेल तर संघाने साधावे. दक्षिण आफ्रिकेत अतिपिकामुळे वाइनचा भाव कोसळला, तेव्हा तेथील मळेवाल्यांनी १९१८ साली के. डब्ल्यू. व्ही. नावाचा सहकारी संघ काढला व जादा मालाचा प्रश्न एकजुटीने हाती घेतला. १९९७ मध्ये त्या संघाची कंपनी झाली. तथापि संकटात एकत्र येण्याचा त्यांचा धडा आपणांस आजही उपयोगी आहे.

सारांश, बाटलीवरच्या किमतीवर विश्वास ठेवू नये, आपल्या जिभेवर ठेवावा. आणि व्यवहारात जिभेवर विश्वास ठेवू नये, कागदावर ठेवावा. वाचकांपैकी ज्यांनी याप्रमाणे पारख करून पाहिली असेल त्यांनी आपली मते मंडळाकडे अवश्य लिहून पाठवावीत. आमच्या मताविरुद्ध असली तरी ती आम्ही आनंदाने वाचू.