बेताच्या उष्णतेवर शिजवलेली कोंबडी

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वसाहत होय. तेथील बाजार स्वस्त कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ताजी कोंबडी, मासळी आणि परदेशी जिन्नस यांसाठी मात्र गृहिणीला जवळच्या आयएनए बाजाराची वाट धरावी लागते. तेथून आणलेल्या बिनहाडाच्या छातीच्या मांसाच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या कापून, त्यांना ब्रेडचा चुरा लावून तळले की ‘चिकन फिंगर्स’ तयार होतात. मुलांचा हा आवडता पदार्थ. परंतु घरी तो करताना एक अडचण वारंवार येते. वरचे आवरण तांबूस झाले म्हणून पट्ट्या काढाव्यात, तर आतील मांस कच्चे निघते. ते शिजेपर्यंत थांबावे, तर चोथा होतो.

यात करणाऱ्याच्या हाताचा दोष थोडा, पदार्थाच्या स्वभावाचा अधिक. कुरकुरीतपणासाठी तेल सुमारे 180 अंश सेल्सिअस तापलेले लागते. मांसातील प्रथिने मात्र 50 अंशांच्या आसपासच आकसू लागतात, आणि 66 अंशांच्या पुढे हे आकसणे इतके वाढते की आतील रस पिळून बाहेर पडतो. कच्चे ठेवणेही धोक्याचे, कारण कोंबडीच्या मांसात साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात. ते 74 अंशांना तत्काळ मरतात, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. कमी उष्णतेतही ते मरतात, फक्त वेळ अधिक लागतो, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. मांसाचा गाभा 60 अंशांवर सुमारे अर्धा तास राहिला, तरी तेच काम होते.

मंद उष्णतेने मांस उत्तम शिजते, याची नोंद काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने 1799 मध्येच केली होती. पिशवीतील हवा काढून ती गरम पाण्यात ठेवण्याची रीत रूढ झाली ती फ्रान्समध्ये. रोआन येथील त्र्वाग्रो बंधूंच्या उपाहारगृहासाठी जॉर्ज प्रालुस यांनी 1974 मध्ये ती वापरली. ‘सू वीद’ या फ्रेंच नावाचा अर्थ एवढाच, की निर्वात.

घरी यासाठी पाणी एकाच तापमानावर राखणारे विजेचे उपकरण असल्यास उत्तम. ते नसल्यास मोठे जाड बुडाचे पातेले, झाकण आणि विश्वासाचा तापमापक एवढ्यावर भागते. मात्र पातेल्यापासून हलता येत नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या पट्ट्यांना मीठ लावून त्या अन्नासाठी बनवलेल्या पिशवीत एकाच थरात ठेवाव्यात. भाजीवाल्याची पातळ पिशवी येथे चालत नाही. उघडे तोंड वर धरून पिशवी हळूहळू पाण्यात उतरवली की पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते. मग तोंड बंद करावे. पाणी 63 अंशांवर दीड तास राखावे. दिल्लीच्या जानेवारीत पातेले भराभर निवते. अशा वेळी उकळते पाणी थोडे थोडे घालीत राहावे, पण 60 च्या खाली उतरू देऊ नये. कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची सवयही सोडावी, कारण त्या शिंतोड्यांतून जिवाणू ओटाभर पसरतात.

पट्ट्या बाहेर काढल्यावर त्या स्वच्छ फडक्याने अगदी कोरड्या कराव्यात. येथे घाई केल्यास आवरण सुटते आणि तेल उडते. त्यानंतर मैदा, फेटलेले अंडे आणि ब्रेडचा चुरा या क्रमाने त्या घोळवून 190 अंशांच्या तेलात जेमतेम दोन मिनिटे तळाव्यात. मांस आधीच शिजलेले असल्याने तेलाला आता केवळ आवरण भाजावयाचे असते.

त्याच दिवशी तळावयाचे नसल्यास बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात पूर्ण थंड करून तत्काळ शीतकपाटात ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी. ती ओट्यावर मुळीच विसरू नये; हवा नसलेल्या पिशवीत वाढणारे विषारी जिवाणू वासावरून ओळखू येतीलच असे नाही.