अनेक कॅमेरे, एक भाषा

गणेश विसर्जनाची मिरवणूक आपण सर्वांनी पाहिली आहे. बाळापूरहून निघणारी मुख्य मिरवणूक चारमिनार, मदिना असे करीत नयापूल ओलांडून अफझलगंजात येते आणि मोअज्जमजाही मार्केटवरून हुसेनसागराकडे जाते. समजा, या गर्दीत सहा वर्षांच्या एका मुलाचा आईच्या हातातून हात सुटला. वाटेत कॅमेरे पुष्कळ आहेत. मग तो चटकन सापडायला अडचण कोणती?

अडचण अशी की प्रत्येक कॅमेऱ्याला रस्त्याचा एक तुकडाच दिसतो. पुलावरचा कॅमेरा एका कंपनीचा, बाजारातला दुसऱ्या कंपनीचा. पहिल्याची संगणकप्रणाली नोंद करते, ‘व्यक्ती १७, किरमिजी सदरा’. दुसऱ्याची नोंद करते, ‘मूल ४, लाल शर्ट’. आपल्याला हे एकच मूल असावे असे लगेच वाटते. संगणकाला मात्र ‘व्यक्ती’ आणि ‘मूल’ हे दोन निराळे शब्द आहेत, एवढेच कळते.

ही अडचण अफझलगंजला नवी नाही. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला (राज्यकाळ १८५७ ते १८६९) यांचे नाव मिळालेला हा गंज म्हणजे धान्याचा बाजार. पुढे संस्थानात हाली रुपया आणि इंग्रजी अमलातला कलदार रुपया अशी दोन नाणी व्यवहारात होती. सात हाली म्हणजे सहा कलदार. वहीत नुसते ‘७० रुपये’ लिहिले, तर ते कलदार समजणारा आणि हाली समजणारा यांच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक पडणार. तारखांचेही तेच. संस्थानी कागदांवर फसली साल असे. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८. आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ सोबत लिहिला नसेल, तर तो परक्याच्या उपयोगी पडत नाही.

अर्थ सोबत लिहिण्याच्या या शिस्तीला संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. शब्द मूळचा तत्त्वज्ञानातला. तेथे ‘काय काय अस्तित्वात आहे’ याचा विचार असतो. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये संगणकासाठी त्याची व्याख्या केली. तिचा आशय असा: एखाद्या विषयातील संकल्पना आपण कशा मानतो, ते उघडपणे व नेमकेपणे मांडणे. पुढे २००४ मध्ये अशा मांडणीसाठी ‘आउल’ ही प्रमाण भाषा ठरली.

ऑन्टॉलॉजी म्हणजे केवळ शब्दकोश नव्हे. तिच्यात तीन गोष्टी असतात. पहिली, वर्ग: मूल हा व्यक्तीचा प्रकार, ऑटोरिक्षा हा वाहनाचा प्रकार. दुसरी, नाती: व्यक्ती वाहनात ‘बसते’, कॅमेरा जागेवर ‘नजर ठेवतो’. तिसरी, नियम: एक व्यक्ती एकाच क्षणी दोन दूरच्या जागी असू शकत नाही. ‘मूल ही व्यक्तीच’ आणि ‘किरमिजी ही लाल रंगाची छटा’ हे एकदा लिहून ठेवले की, वरच्या दोन नोंदी एकमेकींच्या विरोधात नाहीत हे संगणकाला स्वतः ताडता येते. दोन्ही नोंदी एकाच क्षणाच्या असतील, तर ही मुले दोन आहेत, हेही त्याला कळते.

अर्थात त्याआधी दोन तयारी हव्यात. सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली असावीत आणि चित्रातला बिंदू नकाशावर नेमका कोठे येतो, हे प्रत्येकाने एकाच पद्धतीने सांगावे. कॅमेरे एकमेकांना जोडण्यासाठी ॲक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ ही संस्था स्थापली. तिच्या नियमांत पुढे माणूस, वाहन अशा नोंदींचेही ठरावीक स्वरूप आले.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘दिसले’ आणि ‘आहे’ यांत अंतर असते. २०१७ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेली ‘सोसा’ ही ऑन्टॉलॉजी निरीक्षण करणारे यंत्र, त्याचे निरीक्षण आणि निरीक्षणाचा विषय या तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. ‘पुलावर दिसलेला तोच बाजारात दिसला’ हे निरीक्षण नव्हे, अनुमान आहे. ते अनुमान म्हणूनच, किती खात्रीचे आहे याच्या नोंदीसह, पुढे गेले पाहिजे. ही खूण वाटेत गळाली, तर शेवटच्या पडद्यावर शंकेची खात्री होते. हरवलेल्या मुलाच्या बाबतीत फार तर शोध चुकीच्या दिशेला जाईल. पण संशयिताच्या शोधात निरपराध माणसावर बालंट येईल.

पालकांनी व विश्वस्तांनीही हे ध्यानात घ्यावे. दुकाने, संस्था, शाळा अशा गर्दीच्या ठिकाणी कॅमेरे असावेत, असा कायदा आपल्याकडे २०१३ मध्ये झाला. ४ ऑगस्ट २०२२ रोजी बंजारा हिल्सवर पोलिसांच्या एकात्मिक नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. दुसऱ्या बाजूने, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. म्हणून शाळेत कॅमेरे बसविताना किती कॅमेरे आणि किती खर्च एवढेच विचारून भागत नाही. नोंद कोण पाहील, किती दिवस राहील, कोणाला दिली जाईल, हेही विचारावे. या अटीसुद्धा ऑन्टॉलॉजीत वर्ग आणि नियम म्हणून लिहिता येतात, आणि नोंदीबरोबर पुढे पाठवता येतात.

करून पाहा: दोघा मित्रांनी शाळेच्या फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून, एकमेकांशी न बोलता, दहा मिनिटे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करावी. मग वह्या जुळवाव्यात. किती माणसे दोन्ही वह्यांत ओळखता आली? जी जुळली नाहीत, ती शब्दामुळे, वेळेमुळे की जागेमुळे? नंतर दोघांनी मिळून दहा शब्द आणि तीन नियम ठरवावेत व पुन्हा नोंद करावी. दुसऱ्या वेळी जो फरक पडेल, तो वर्गात सर्वांना सांगावा.