धम्मपाठ : गुन्हा नसताना भय का वाटते?



रस्त्यात पोलीस समोर आला की छातीत धडधडते. चौकीवरून जाताना पावले आपोआप झपझप पडतात. पासपोर्टच्या तपासणीसाठी हवालदार दारात आला, तर घरचा कर्ता माणूस स्वतःचे नाव सांगतानाही अडखळतो. चोरी केलेली नाही, मारामारी केलेली नाही, कुणाचा पैसा बुडविलेला नाही, तरी भय वाटते. आपल्यापैकी पुष्कळांचा हा अनुभव आहे. या पाठात त्या भयाचे मूळ आणि त्यावरचा उपाय पाहू.

भयाचे मूळ

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चार भये सांगितली आहेत. आपलेच मन आपल्याला दोष देईल हे अत्तानुवादभय. लोक दोष देतील हे परानुवादभय. राजा शिक्षा करील हे दण्डभय. दुष्कृत्याचे वाईट फळ भोगावे लागेल हे दुग्गतिभय. ही भये माणसाला दुष्कृत्यापासून मागे फिरवतात, म्हणून ती उपयोगाची आहेत. परंतु जो शील पाळतो त्यालाही दण्डभय छळत असेल, तर त्याचे मूळ त्याच्या कृतीत नाही. ते दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते मूळ आपल्या इतिहासात आहे. महार वतनात गावची राखण करणे, चोरांचा माग काढणे आणि सरकारी कामगारांची वर्दी पोचविणे ही कामे आपल्या वाडवडिलांच्या माथी होती. चावडीवरून हाक आली की हातातली भाकरी ठेवून धावावे लागे. सरकार म्हणजे हुकूम करणारा आणि आपण म्हणजे जोहार घालणारे, हे पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबले. या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. कायद्याने वतन गेले, पण अंगात मुरलेला जोहार कायद्याने जात नाही. तो ज्याचा त्याने काढावा लागतो.

भटक्या-विमुक्त समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबांनी तर याहून अधिक सोसले आहे. इंग्रज सरकारने १८७१ पासून कायदे करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. हजेरी आणि तारेचे कुंपण त्यांच्या वाट्याला आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्यांच्या आजोबांना काही न करता हजेरी द्यावी लागली, त्यांच्या नातवाची छाती धडधडली तर नवल कसले?

आजही हे भय निव्वळ कल्पनेतले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. पण पुढचेही लक्षात ठेवा. त्यांची आई उच्च न्यायालयात गेली आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सर्वस्व गमावलेली माता दाद मागू शकते, तर आपण चौकीसमोरून ताठ मानेने का चालू नये?

तथागतांनी दाखविलेला मार्ग

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण अरण्यवासाच्या कष्टांविषयी बोलतो. भगवंत सांगतात की, ज्याची काया, वाचा आणि मन शुद्ध नाही, तो अरण्यात स्वतःच भय ओढवून घेतो. आपले आचरण शुद्ध आहे हे जाणून ते स्वतः तेथे राहिले. तरीही रात्री एखादे हरिण येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाला सळसळे आणि भय वाटे. तेव्हा त्यांनी काय केले? चालताना भय आले तर चालतच राहिले आणि बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. भय ओसरेपर्यंत त्यांनी स्थिती बदलली नाही.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, शील शुद्ध ठेवा. दुसरी, भय आले म्हणून चाल बदलू नका. पोलीस दिसला म्हणून गल्लीत वळू नका, उगाच हसू नका, कमरेत वाकू नका. उर्मटपणाही नको, कारण तोही भयाचाच दुसरा चेहरा आहे. श्वास जाणा, विचारले तेवढे खरे आणि सावकाश सांगा. वर्दीतला माणूसही माणूस आहे. आपली मुलेही आज त्या वर्दीत आहेत.

ज्ञानाने भय कमी होते

संविधानाच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. अटक झाल्याची खबर नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही. आपण दिलेल्या फिर्यादीवर मात्र सही लागते. ती वाचून घ्या आणि मोफत प्रत मागून घ्या. स्त्रियांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. हे एका कागदावर लिहून घरात लावा.

घरातील संस्कार

"झोप, नाहीतर पोलीस येईल," असे मुलाला म्हणू नका. त्या एका वाक्याने आपण जुना जोहार पुढच्या पिढीच्या हाती देतो. उद्या अन्याय झाला तर तेच मूल फिर्याद द्यायला घाबरेल, आणि अन्याय करणाऱ्याला हेच हवे असते.

पंचशील पाळणारा सर्व प्राणिमात्रांना अभयदान देतो, अशी तथागतांची शिकवण आहे. जो दुसऱ्याला अभय देतो, त्याने स्वतः भयात का जगावे?

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. मला वाटणारे भय माझ्या कृतीतून आले आहे की इतिहासातून?
२. भयभेरव सुत्तातील कोणती गोष्ट मी या पंधरवड्यात आचरणात आणीन?
३. अटक झालेल्या माणसाचे तीन हक्क घरातील प्रत्येकाला सांगता येतात काय?

नमो बुद्धाय. जय भीम.